बियाण्याला पेटंट मिळत नाही, एवढं तरी ऐका!

पेरणीचे दिवस आले की व्हॉट्सॲपवर हा निरोप हमखास उगवतो: ‘कंपन्यांनी बियाण्यांची पेटंटं घेतली आहेत, घरचं बी धरलंत तर केस होईल.’ पाठोपाठ सल्लाही येतो की अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या पद्मश्री राहीबाई पोपेरे यांनी आपल्या देशी वाणांचं पेटंट घेऊन टाकावं. दोन्ही चूक!

भारतीय पेटंट कायद्याचं कलम ३ (जे) सांगतं की वनस्पती, तिचा कोणताही भाग, बियाणं, वाण यांना पेटंट मिळतच नाही. कंपनीला नाही, राहुरीच्या कृषी विद्यापीठाला नाही, राहीबाईंनाही नाही.

वाणांसाठी संसदेनं २००१ साली वेगळा कायदा केला, वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा. त्याचं कलम ३९ एकदा वाचाच. कंपनीनं नोंदवलेल्या वाणाचं बीसुद्धा शेतकऱ्यानं राखावं, पेरावं, शेजाऱ्याशी बदलावं, विकावं. फक्त ब्रँडचं लेबल लावून विकायचं नाही.

‘मग गुजरातेत बटाट्यावरून खटले कसे झाले?’ झाले, पण पेटंटवरून नव्हे. आपला नोंदवलेला बटाट्याचा वाण लावला म्हणून याच २००१ च्या कायद्याखाली पेप्सिकोनं २०१९ मध्ये साबरकांठ्यातल्या शेतकऱ्यांकडे प्रत्येकी कोटीहून अधिक भरपाई मागितली. ओरड झाली आणि मे महिन्यात कंपनीनं खटले मागे घेण्याचं जाहीर केलं. त्या वाणाची नोंदणी २०२१ मध्ये रद्द झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालानं परत आली. कलम ३९ मात्र जिथल्या तिथे आहे.

‘पण दरवर्षी पाकीट घ्यावंच लागतं ना?’ लागतं, पण त्याला कायदा काय करणार? संगमनेरचा टोमॅटो नि शेवगावची कपाशी बहुतेक हायब्रीड. त्यांचं बी धरलं की पुढच्या पिढीत गुण विखुरतात. एक झाड कमरेएवढं, दुसरं गुडघ्याशी, फळं चार तऱ्हेची. वकिलाचा इथे संबंधच नाही. गावरान वालाचं तसं नाही. सरळ वाण तो, राखेत घोळवून ठेवलेलं बी पुढच्या वर्षी तसंच उगवतं. असा वाण ‘शेतकरी वाण’ म्हणून नोंदवता येतो, शेतकऱ्याला शुल्क पडत नाही, आणि बहुतेक पिकांना १५ वर्षांपर्यंत संरक्षण मिळतं.

बाहेरच्यांनी आपलं ज्ञान लाटू नये ही काळजी रास्त आहे, पण तिथेही कामाला येतात ती कागदपत्रं. हळदीनं जखम भरते यावरचं अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं, ते डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरनं जुन्या ग्रंथांतले पुरावे मांडले म्हणून.

प्रयोगशाळेत घातलेल्या जनुकाला पेटंट मिळतं का, हा प्रश्न मात्र खरंच अवघड आहे. मोन्सँटोचं बोलगार्ड-२ कपाशीचं पेटंट दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये अवैध ठरवलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवून पुराव्यानिशी सुनावणी घ्या म्हटलं. पुढे दोन्ही बाजूंनी तडजोड केली आणि मूळ प्रश्न लटकला तो लटकलाच. अर्ज १९९९ चा, त्यामुळे त्या पेटंटची २० वर्षांची मुदतही संपली.

आता किरकोळ गैरसमज. परवानगी नसलेल्या एचटीबीटी (तणनाशक-सहनशील) कपाशीचं पाकीट बाळगणं बेकायदा आहे ते पर्यावरण संरक्षण कायद्याखाली, पेटंटचा तिथे संबंध नाही. भौगोलिक मानांकन म्हणजे पेटंट नव्हे. ते नाव राखतं, बी नाही. आणि २०२५ मध्ये जाहीर झालेले जनुक-संपादित भाताचे वाण ‘बिनकायद्याचे’ नाहीत. जैवसुरक्षेच्या काही नियमांतून सूट मिळाली आहे, वाणाच्या मालकीच्या नियमांतून नव्हे.

पण फॉरवर्ड करणाऱ्यांनो, खरी भीती कुठे आहे ती पाहा. वाणाची जनुकीय क्रमवारी आता संगणकावर वाचता येते, त्यासाठी कोंभाळण्यापर्यंत यावंही लागत नाही. मे २०२४ मध्ये जिनिव्हात झालेल्या जागतिक कराराप्रमाणे, जनुकीय साधनावर बेतलेलं पेटंट मागणाऱ्याला ते साधन मूळ कुठलं हे सांगावं लागेल, मात्र १५ देश सामील झाल्यावरच तो लागू होतो. आणि नुसत्या डिजिटल क्रमवारीचं काय, यावर त्यात स्पष्ट तरतूद नाही.