झुंपा लाहिरी : कोलकात्याशी नाते सांगणाऱ्या अमेरिकन कादंबरीकार

इंग्रजीतील पहिल्याच पुस्तकाला पुलित्झर पारितोषिक मिळविणाऱ्या आणि पुढे इंग्रजी बाजूला ठेवून इटालियन भाषेत लिहू लागलेल्या अमेरिकन लेखिका झुंपा लाहिरी यांचे मूळ कोलकात्यात आहे. या शहरात त्यांचा जन्म झाला नाही आणि त्या तेथे कायमच्या राहिल्याही नाहीत. तरीही त्यांच्या इंग्रजी लेखनाचा मोठा भाग याच शहराभोवती फिरतो.

लाहिरी यांचा जन्म ११ जुलै १९६७ रोजी लंडन येथे बंगाली दांपत्याच्या पोटी झाला. त्या लहान असतानाच कुटुंब अमेरिकेत गेले. वडील ऱ्होड आयलंड विद्यापीठात ग्रंथपाल होते. घरात बंगाली, शाळेत इंग्रजी आणि मधूनमधून कोलकात्याच्या दीर्घ भेटी, असे त्यांचे बालपण गेले. बंगाली त्या बोलू शकत. वाचण्या-लिहिण्यावर मात्र प्रभुत्व आले नाही. मातृभाषेत आपण निरक्षर आणि दुसरी भाषा सावत्र आईसारखी, ही खंत त्यांनी पुढे मोकळेपणाने मांडली.

त्यांच्या नावाचीही एक कथा आहे. बंगाली घरांत मुलाला एक औपचारिक ‘भालो नाम’ आणि एक घरगुती ‘डाक नाम’ असते. ‘झुंपा’ हे त्यांचे डाक नाम. शाळेतील शिक्षिकेला तेच उच्चारायला सोपे वाटले आणि तेच कायम झाले. आपल्याकडील ‘बाळू’ किंवा ‘बेबी’ पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापले जावे, तसाच हा प्रकार. हा नावाचा पेच २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द नेमसेक’ या कादंबरीच्या केंद्रस्थानी आहे. तिच्यावर मीरा नायर यांनी २००६ मध्ये इरफान खान व तब्बू यांना घेऊन चित्रपट काढला.

बर्नार्ड महाविद्यालयातून १९८९ मध्ये पदवी घेतल्यानंतर लाहिरी यांनी बोस्टन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळविली. १९९९ मध्ये ‘इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज’ हा नऊ कथांचा संग्रह आला आणि २००० साली, वयाच्या ३२व्या वर्षी, त्यांना पुलित्झर जाहीर झाले. शीर्षककथेचा नायक ओरिसातील पर्यटक-मार्गदर्शक असून, एरवी तो डॉक्टरांकडे गुजराती रुग्णांच्या तक्रारी भाषांतरित करून सांगतो. भाषांतराच्या व्यवसायातील लोकांना ही कथा विशेष जवळची वाटावी. भारतात मात्र या संग्रहातील कोलकात्याचे चित्रण परक्या नजरेचे असल्याची टीकाही झाली.

त्या टीकेला उत्तर म्हणून नव्हे, पण २०१३ च्या ‘द लोलँड’ या कादंबरीत त्या कोलकात्याच्या सर्वाधिक जवळ गेल्या. टॉलीगंजमधील दोन तळी, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी सखल जमीन आणि दोन भाऊ. एक नक्षलवादी चळवळीत ओढला जातो, दुसरा अमेरिकेत शिकायला जातो. लाहिरी यांच्या आजोळी नव्हे, तर वडिलांच्या घराजवळ, टॉलीगंजमध्येच, दोन तरुण भावांना कुटुंबीयांसमोर ठार मारल्याची हकिकत त्यांनी ऐकली होती. तिच्यातूनच ही कादंबरी उभी राहिली. नक्षलबारीचा उठाव १९६७ चा, म्हणजे लेखिकेच्या जन्मवर्षातील. ही कादंबरी बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत होती आणि तिला दक्षिण आशियाई साहित्याचा डीएससी पुरस्कार मिळाला.

एवढे यश इंग्रजीने दिले असताना २०१२ मध्ये त्या सहकुटुंब रोमला गेल्या. २०१५ मध्ये त्यांचे पहिले इटालियन पुस्तक निघाले. त्याचा इंग्रजी अनुवाद त्यांनी स्वतः न करता अ‍ॅन गोल्डस्टीन यांच्यावर सोपविला. या निर्णयाने अनेक वाचक बुचकळ्यात पडले. वस्तुतः ज्या भाषेचा वारसा नाही आणि जिची सक्तीही नाही, अशी भाषा त्यांनी प्रथमच स्वतः निवडली होती.

२०१८ च्या इटालियन कादंबरीचे इंग्रजी रूपांतर मात्र त्यांनी स्वतः केले आणि ते २०२१ मध्ये ‘व्हेअरअबाउट्स’ या नावाने आले. तीत निवेदिकेला नाव नाही आणि शहरालाही नाही. २०२२ पासून लाहिरी बर्नार्ड महाविद्यालयात, जेथे त्या विद्यार्थिनी होत्या तेथेच, अध्यापन करू लागल्या.