सोळा आण्यांचं जहाज

सकाळी ६.००
चहासोबत टिपणं. आज बी.ए.च्या वर्गाला अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध. पुस्तकात वॉशिंग्टन आहे, पैसा कुठून आला ते मात्र दोन ओळींत उरकलंय. आज तेवढंच शिकवायचं.

१०.१५
भंडारा बसस्थानकासमोरून कॉलेज. रोवणीचे दिवस, पवनी-लाखनीकडची बरीच पोरं बांधीत आहेत. हजेरी विरळ.

११.००
अमेरिकेचं आरमार तुटपुंजं, म्हणून २३ मार्च १७७६ला तिथल्या काँग्रेसनं खासगी जहाजांना ब्रिटिश जहाजं पकडायची मुभा दिली. मित्रदेशांची लूट होऊ नये म्हणून मालकाकडून जामीनरोखा: १०० टनांपर्यंत ५,००० डॉलर, त्यावर १०,०००. युद्धभरात असे सुमारे १,७०० परवाने निघाले.

फळ्यावर जहाज काढून त्याचे सोळा आणे पाडतो. सेलमच्या इलायस हॅस्केट डर्बीसारखे व्यापारी एकाच जहाजावर सगळं लावत नसत. इथे दोन आणे, तिथे एक. एक बुडालं तरी पेढी तरते. पकडलेलं जहाज सागरी न्यायालयानं वैध ठरवलं की लिलाव. रकमेचा साधारण अर्धा वाटा मालकांचा, अर्धा खलाशांचा. खलाशाला पगार नाही. घर चालवायला बरेच जण आपला हिस्सा आधीच स्वस्तात विकून मोकळे होत.

“म्हंजे उभ्या धानावर उचल घेतल्यासारखंच, सर,” मागच्या बाकावरून.
तसंच.

११.४०
मोहाडीची मुलगी विचारते, “जहाज पकडल्या गेलं तं कोनाचं गेलं?”
व्यापाऱ्याचे दोन आणे. जबर हप्ता भरून विमाही मिळे. खलाशी मात्र न्यूयॉर्कजवळच्या ‘जर्सी’ या तुरुंगनौकेवर. अशा नौकांवर हजारो कैदी मेले. १७७७च्या ब्रिटिश कायद्यानं तर चाचेगिरीच्या आरोपाखाली खटल्याविना डांबायची सोयच केली.

“मग कान्होजी आंग्रे?”
इंग्रज त्यांनाही चाचाच म्हणत. पण ते मराठ्यांचे सरखेल; त्यांचं आरमार व्यापाऱ्यांच्या भागभांडवलावर उभं नव्हतं.

३.००
परीक्षा अर्ज, सह्या, फायली.

सायंकाळी ७.००
चाचणीचा प्रश्न काढतो. ‘खासगी युद्धनौकांचे महत्त्व सांगा’ खोडलं. नवा प्रश्न: ‘जहाज शत्रूच्या हाती पडले. दोन आण्यांचा भागीदार आणि हिस्सा आधीच विकलेला खलाशी, यांचे प्रत्येकी काय गेले? गुण ५.’ नुसतं ‘शौर्य’ लिहिणाऱ्याला अर्धा.