बुडालेला सूर्य जातो कुठे?

भाईंदरच्या पश्चिमेला, उत्तनजवळ पाली हे कोळीवस्तीचे गाव आहे. येथील किनाऱ्यावरून सूर्य संध्याकाळी अरबी समुद्रात बुडताना दिसतो आणि सकाळी पाठीमागून, पूर्वेला उगवतो. मग रात्रभर तो असतो कोठे? हा प्रश्न मुले विचारतात. तो फार जुना आहे.

प्राचीन इजिप्तमध्ये त्याचे उत्तर कथेने दिले. सूर्यदेव रा रात्री नावेत बसून पाताळातून जातो, रात्रीच्या बारा तासांचे बारा प्रदेश ओलांडतो, अपेप नावाच्या सर्पावर मात करतो आणि पहाटे पुन्हा जन्मतो. सुमारे ३५०० वर्षांपूर्वीच्या राजांच्या थडग्यांत हा प्रवास चितारलेला आहे. आपल्याकडे वर्षालाही रात्र मानली गेली. दक्षिणायन ही देवांची रात्र आणि दक्षिण ही यमाची दिशा. म्हणूनच भीष्म शरपंजरी उत्तरायणाची वाट पाहत राहिले.

राशिचक्रही अशाच एका न दिसणाऱ्या गोष्टीचा शोध आहे. सूर्य ज्या ताऱ्यांमध्ये असतो ते त्याच्या प्रकाशात दिसत नाहीत. परंतु पहाटे पूर्वेला सूर्योदयापूर्वी कोणते तारे उगवतात आणि संध्याकाळी पश्चिमेला सूर्यामागून कोणते मावळतात हे पाहिले, की त्याचे स्थान ठरवता येते. बाबिलोनी निरीक्षकांनी इ.स.पूर्व पाचव्या शतकाच्या सुमारास सूर्याच्या या मार्गाचे ३० अंशांचे बारा समान भाग केले. त्यांतील एक होता बकऱ्याचे तोंड आणि माशाची शेपटी असलेला प्राणी. तीच आपली मकर रास.

आता आपल्या वर्गातील एक वाक्य तपासू. ‘मकरसंक्रांतीला उत्तरायण सुरू होते’ असे आपण सर्रास शिकवतो. प्रत्यक्षात सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१ किंवा २२ डिसेंबरला. संक्रांत मात्र १४ किंवा १५ जानेवारीला येते. हे अंतर का पडले? पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याप्रमाणे डुलतो आणि त्याची एक फेरी सुमारे २६,००० वर्षांत पुरी होते. त्यामुळे अयनबिंदू ताऱ्यांच्या संदर्भात सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. आपले पंचांग राशी ताऱ्यांवरून मोजते. दीड हजाराहून अधिक वर्षांपूर्वी दोन्ही घटना जवळजवळ एकाच वेळी येत. आज त्यांच्यात सुमारे २४ अंशांचा फरक आहे.

हे मुलांनाच पडताळू द्या. सपाट, मोकळ्या जागी एक बारीक काठी उभी पुरा. सूर्य समुद्रावर दोन बोटे उंच असताना, काठीपासून दोन मीटरवर तिची सावली जेथे पडेल तेथे खूण करा. सूर्याकडे पाहत राहू नये, लक्ष सावलीकडे असावे. २२ डिसेंबरची आणि १४ जानेवारीची खूण यांत सुमारे ८ सेंटिमीटर अंतर पडेल आणि दुसरी खूण दक्षिणेकडे असेल. सावली दक्षिणेकडे सरकली याचा अर्थ सूर्य उत्तरेकडे सरकला. नोव्हेंबरअखेरची खूण केली असेल, तर ती संक्रांतीच्या खुणेजवळच सापडेल.

तिळगूळ वाटण्यापूर्वी तीन आठवडे सूर्य परतीच्या वाटेला लागलेला असतो, हे मग पुस्तकाने सांगावे लागणार नाही. जमिनीवरच्या खुणाच सांगतील.