यंत्राचा रुसवा आणि माणसाचे मन

१९७८ च्या सुमारास अमेरिकेत ‘बोरिस’ नावाचे बुद्धिबळ खेळणारे घरगुती यंत्र विक्रीस आले. लाकडी पेटीतल्या या यंत्राची खेळातील गती बेताचीच होती. पण डाव चालू असता त्याच्या चिमुकल्या पडद्यावर ‘हे अपेक्षितच होते’, ‘हा सापळा तर नव्हे?’ अशी वाक्ये सरकत आणि ते खट्टू झाले, फुशारले, असा भास होई. वस्तुतः त्याच्या स्मरणकोशात मूठभर वाक्ये भरून ठेवलेली होती, इतकेच.

हा भास जुनाच आहे. १७७० मध्ये केंपेलेनने व्हिएन्नाच्या दरबारात सादर केलेला यांत्रिक ‘तुर्क’ नियमबाह्य चाल होताच मान हलवी. त्याच्या पेटीत हाडामांसाचा खेळाडू दडलेला असे. १९९७ मध्ये नेमके उलट घडले. ‘डीप ब्लू’चा दुसऱ्या डावातील खेळ पाहून जगज्जेत्या कास्पारोव्हला त्यामागे माणसाचा हात असल्याचा संशय आला, तेथे खेळत होते ते यंत्रच. चालीमागे मन शोधावे, हा मनुष्यस्वभावच होय.

धाराशिव जिल्ह्यातील वाचकाला हे निराळे सांगावयास नको. तुळजापूरच्या भवानी मंदिरात चिंतामणी नावाचा गोल दगड आहे. त्यावर दोन्ही हात ठेवून भाविक मनात प्रश्न विचारतो. दगड उजवीकडे वळला तर होकार, डावीकडे वळला तर नकार, स्थिर राहिला तर कार्यास विलंब, असे मानतात. श्रद्धेची चिकित्सा हा येथे विषय नव्हे. मात्र दगड बोलत नाही. प्रश्न भाविकाचा असतो आणि त्यावरचा विचारही त्यालाच करावा लागतो. बोरिसची वाक्ये परक्याने, मालाला उठाव यावा म्हणून लिहिलेली होती.

आज तेच बोलके यंत्र मोबाइलमधून खिशात आले आहे. अडचण सांगताच ते आधी सहानुभूती दाखवते, मग सल्ला देते. स्पर्धा परीक्षेत अपयश आलेला एखादा विद्यार्थी घरी जे बोलत नाही, ते त्याच्यापाशी बोलतो. बोरिसच्या शब्दांना भुलून फार तर एक डाव जाई. येथे पुढची उमेदीची वर्षे पणाला लागतात. सहानुभूती हा बाजारातला माल झाला असेल, तर तो कोण विकतो आणि त्याचे मोल कशाने वसूल होते, हे विचारणे ग्राहकाचे कर्तव्य ठरते.

यंत्राकडून चाली जरूर शिकाव्यात. परंतु हरलेल्या मुलाच्या पाठीवर ठेवावयाचा हात घरात आणि वर्गातच असावा लागतो. तो तेथे नसेल, तर दोष यंत्राच्या माथी मारता येणार नाही.