वसतिगृहातील जेवण आणि विद्यार्थ्यांचे वाढते वजन

दरवर्षी जून-जुलै महिना आला की आपल्या सभासदांच्या घरातील मुले-मुली शिक्षणासाठी पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांकडे निघतात. कोणी शासकीय वसतिगृहात राहतो, कोणी महाविद्यालयाच्या आवारातील वसतिगृहात, तर कोणी खोली घेऊन मेसचा डबा लावतो. प्रवेश, फी, शिष्यवृत्ती, पुस्तके या सर्व बाबींचा विचार पालक आणि विद्यार्थी मोठ्या काळजीने करतात. परंतु पुढील तीन-चार वर्षे हा विद्यार्थी रोज काय खाणार आणि त्याचा त्याच्या शरीरावर काय परिणाम होणार, या प्रश्नाकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. प्रस्तुत लेखात याच विषयाची सोप्या भाषेत ओळख करून देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

आम्ही काही डॉक्टर नव्हे. बँकेत जमा-खर्चाचा मेळ घालणे हे आमचे रोजचे काम. परंतु शरीराचा हिशेबही बराचसा खातेवहीसारखाच असल्याने सामान्य वाचकाला तो समजून घेणे अवघड नाही.

‘तब्येत सुधारली’ म्हणजे काय?

आपल्याकडे मूल बाहेरगावाहून भरल्या अंगाने परत आले की घरातील वडीलधाऱ्यांना समाधान वाटते. त्यामागे कारणही तसेच आहे. आमच्या आई-वडिलांच्या पिढीने १९७२ चा दुष्काळ पाहिला, दुष्काळी कामावर खडी फोडली आणि सुकडीवर दिवस काढले. ज्या घराने अर्धपोटी दिवस काढले, त्या घराला भरलेले अंग हे सुखाचे लक्षण वाटणारच. म्हणून या विषयावर बोलताना कोणाची चेष्टा करणे किंवा कोणाला हिणवणे हा हेतू मुळीच नसावा.

शिवाय अनेक विद्यार्थी वसतिगृहात येताना मुळातच किडकिडीत असतात. त्यांचे वजन दोन-चार किलोने वाढणे ही चांगलीच गोष्ट आहे. सतरा-अठरा वर्षांच्या वयात हाडे आणि स्नायू अजून भरत असतात. प्रश्न वजन वाढण्याचा नसून चरबी वाढण्याचा आहे, आणि त्यातही पोटावरील चरबीचा.

आपल्या देशात कुपोषण व लठ्ठपणा हे दोन्ही प्रश्न आज एकाच वेळी उभे आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे १९ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा कमी होते, तर २४ टक्के स्त्रियांचे प्रमाणापेक्षा जास्त होते. पुरुषांमध्ये हेच प्रमाण अनुक्रमे सुमारे १६ व २३ टक्के होते.

आपल्या शरीराची विशेष बाब

या बाबतीत महाराष्ट्रात झालेले संशोधन प्रत्येक विद्यार्थ्याने माहीत करून घ्यावे असे आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील खेड्यांमध्ये जन्मलेल्या बाळांचा अनेक वर्षे अभ्यास केला. या बाळांचे जन्मतः वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सरासरी ३.५ किलो होते. आपली बाळे वजनाने लहान होती, स्नायूंनी अशक्त होती. परंतु त्यांच्या त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती.

पुढे २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, म्हणजे निर्देशांक २२.३. परंतु डॉ. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक पण आतून चरबीचा, अशी आपल्याकडील अनेकांच्या शरीराची घडण आहे.

याचा अर्थ असा की, ज्याचे बालपण ओढगस्तीत गेले, त्याने तरुणपणी झपाट्याने चरबी वाढवली तर मधुमेहाचा धोका त्याला अधिक. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी असल्याचा अंदाज देण्यात आला. कुटुंबातील पहिला पदवीधर नोकरीला लागावा आणि पस्तिशी-चाळिशीत त्याच्या मिळकतीचा मोठा भाग औषधांवर जावा, ही गोष्ट त्याच्या एकट्यापुरती राहत नाही. सारे घर त्याच्याकडे डोळे लावून बसलेले असते.

मोजमाप कसे करावे?

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की निर्देशांक मिळतो. भारतीयांसाठी हा आकडा २३ च्या आत असावा आणि २५ किंवा त्याहून अधिक झाल्यास तो लठ्ठपणा समजावा, असे आपल्याकडील तज्ज्ञांचे मत आहे. उदाहरणार्थ, १६५ सेंटिमीटर उंचीच्या विद्यार्थ्याने वजन ६२ किलोच्या आसपास किंवा त्याखाली ठेवावे. १५० सेंटिमीटर उंचीच्या विद्यार्थिनीने ५१-५२ किलोच्या आत. त्याहूनही सोपे माप म्हणजे कमरेचा घेर. पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा. शिंप्याची टेप महिन्यातून एकदा लावली की पुरे. रोज काट्यावर उभे राहण्याचे काही कारण नाही.

वसतिगृहातच वजन का वाढते?

अमेरिकेत महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी वजन १५ पौंड, म्हणजे जवळपास ७ किलो वाढते, असा समज रूढ आहे. तो अतिशयोक्त आहे. २०१५ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले असता सरासरी वाढ सुमारे १.४ किलो आढळली. मात्र ज्यांचे वजन वाढले, त्यांच्यापुरते पाहिल्यास ती सुमारे ३.४ किलो होती. थोडक्यात, वाढ सर्वांचीच होते असे नाही. पण ज्यांची होते, त्यांची दुर्लक्ष करण्याजोगी नसते.

आपल्याकडील कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. गावाकडे शाळेला दोन-तीन किलोमीटर चालत जाणारा, सुट्टीत शेतात राबणारा मुलगा वसतिगृहातून पाच मिनिटांत वर्गात पोहोचतो आणि दिवसभर बाकावर बसतो. सकाळी उशिरा उठल्याने नाश्ता बुडतो व अकरा वाजता टपरीवर चहा-वडापाव होतो. मेसमध्ये ‘पोटभर’ जेवण असते. पैसे भरलेच आहेत तर दोन पोळ्या अधिक खाऊ, हा विचार मनात येतो. बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात, तेव्हा बाहेरचे चमचमीत खाणे ठरलेलेच. परीक्षेच्या दिवसांत रात्री दोन वाजेपर्यंत जागरण, त्यासोबत नूडल्स, फरसाण आणि बिस्किटे. झोप कमी झाली की भूक वाढते, हे शास्त्राने सिद्ध केले आहे. घरची आठवण आणि अभ्यासाचा ताण यांनीही हात खाण्याकडे वळतो. त्यात आता मोबाइलवर बोट ठेवले की रात्री अकरालाही खाणे दारात येते.

हिशेब छोट्या रकमांचा

एक ग्रॅम साखरेतून ४ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम तेलातून ९. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरींची शिल्लक. रोज गरजेपेक्षा केवळ १०० कॅलरी जास्त पोटात गेल्या, तर वर्षाला ३६,५०० होतात, म्हणजे कागदावर साडेचार किलोंहून अधिक चरबी. वजन वाढले की शरीराचा खर्चही वाढत असल्याने प्रत्यक्षात वाढ याहून कमी होते, परंतु दिशा तीच राहते. आवर्ती ठेवीत दरमहा छोटी रक्कम टाकणाऱ्यास मुदतीअखेर मोठी रक्कम दिसते, तसाच हा प्रकार आहे.

या १०० कॅलरी येतात कोठून? दिवसातून चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर आणि चमचा ५ ग्रॅमचा धरला, तर ४० ग्रॅम साखर, म्हणजे १६० कॅलरी झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवणे हिताचे; म्हणजे ती मर्यादा चहातच ओलांडली. शीतपेयाच्या ३०० मिलिलिटर बाटलीत सुमारे ३० ग्रॅम साखर असते. मिसळीवरची किंवा रश्श्यावरची दोन चमचे तर्री म्हणजे ८० कॅलरी. नूडल्सचे एक छोटे पाकीट सुमारे ३०० कॅलरींचे, आणि त्यात पोषण फारच थोडे.

उपाय : मेसच्या ताटातच

यासाठी वेगळे महागडे अन्न लागत नाही. आहे त्याच ताटाचा क्रम बदलावा.

१) प्रथम काकडी, कांदा, टोमॅटो, कोशिंबीर व पालेभाजी खावी, नंतर उसळ-वरण, मग पोळी-भाकरी आणि शेवटी भात. दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे असेल तर वरण, उसळ किंवा भाजी घ्यावी.

२) पोट भरल्याची जाणीव व्हायला सुमारे वीस मिनिटे लागतात. म्हणून सावकाश, चावून आणि मोबाइल बाजूला ठेवून जेवावे.

३) तर्री वाटीच्या कडेला काढून ठेवावी. पापड, भजी व गोड पदार्थ रोजचे नसावेत. रविवारच्या गोडाधोडाच्या जेवणाचा आनंद जरूर घ्यावा, पण त्या दिवशी इतर वेळी हलके खावे.

४) सकाळचा नाश्ता टाळू नये. पोहे-उपम्यासोबत उकडलेले अंडे, मोड आलेली मटकी किंवा दूध असावे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात.

५) चहा दोन कपांवर आणावा आणि साखर प्रत्येक महिन्यात अर्धा चमचा कमी करावी. शीतपेयाऐवजी ताक, लिंबूपाणी किंवा साधे पाणी घ्यावे.

६) रात्री अभ्यासाला बसताना फुटाणे, मूठभर शेंगदाणे, पेरू, केळे जवळ ठेवावे. ही वस्तू पाकिटातील खाऊपेक्षा स्वस्तही पडते. गावाहून आलेला लाडू-चिवड्याचा डबा खोलीतील सर्वांनी मिळून संपवावा. प्रेमही वाढते आणि भारही वाटला जातो.

७) आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालणे, धावणे किंवा मैदानी खेळ हवा. मुलींच्या वसतिगृहाचे फाटक संध्याकाळी लवकर बंद होते; त्यांनी आवारातच चालावे, दोरीवरच्या उड्या माराव्यात, जिने चढावेत.

८) सात तास झोप घ्यावी.

उपाशी राहून, एक वेळचे जेवण सोडून किंवा जाहिरातीतील चूर्ण-गोळ्या घेऊन वजन उतरवण्याच्या फंदात मुळीच पडू नये. त्याने अभ्यासातील लक्ष उडते, मुलींमध्ये रक्तक्षय बळावतो आणि पुढे भूक दुप्पट वेगाने परत येते. वजन एकाएकी फार वाढत किंवा घटत असेल, अथवा खाण्याच्या विचाराने मन सतत अस्वस्थ राहत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

मात्रा ओळखणारा राजा

संयुत्त निकायात कोसलचा राजा प्रसेनजित याची गोष्ट आहे. तो द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत भगवान बुद्धांकडे आला. भगवंतांनी त्याला खाण्यातील मात्रा जाणण्याचा उपदेश केला. राजाने काय करावे? त्याने एका तरुणाला रोज जेवणाच्या वेळी त्या उपदेशाची आठवण करून देण्याचे काम दिले. हळूहळू राजाचे खाणे नाळीभर भातावर आले आणि त्याचे शरीर हलके झाले. यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, सवय एका दिवसात सुटत नाही, ती क्रमाक्रमाने सुटते. दुसरी, आठवण करून देणारा सोबती लागतो. राजाला त्यासाठी माणूस ठेवावा लागला. वसतिगृहात तो खोलीतच असतो. दोन मित्रांनी ठरवावे, एकमेकांना टोकावे, संध्याकाळी एकत्र फिरायला जावे.

एकट्याचा नव्हे, सर्वांचा प्रश्न

सगळा भार विद्यार्थ्यांवर टाकणे न्यायाचे नाही. मेसमध्ये जे शिजते तेच तो खाणार. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली महाविद्यालयांच्या आवारात जंक फूड विकले जाऊ नये, अशी सूचना विद्यापीठांना केली. तिची अंमलबजावणी कॅन्टीनमध्ये होते की नाही, हे विद्यार्थ्यांनी विचारले पाहिजे. ज्या वसतिगृहात भोजन समिती असेल, तेथे विद्यार्थ्यांनी आणि विशेषतः विद्यार्थिनींनी त्यात भाग घ्यावा; आठवड्याच्या यादीत दोनदा पालेभाजी, रोज एक उसळ, कच्ची कोशिंबीर व ताक यांचा आग्रह धरावा. जेथे समिती नसेल, तेथे गृहपालांकडे सामुदायिक अर्ज द्यावा.

वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाने २०१६-१७ पासून स्वाधार योजना सुरू केली. भोजन, निवास आदींसाठीची रक्कम विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. अशा विद्यार्थ्याला आपल्या ताटाचा निर्णय स्वतःच घ्यावा लागतो. आमचे त्यांना सांगणे एवढेच की, रक्कम जमा होताच प्रथम महिन्याच्या मेसचे पैसे वेगळे काढावेत. महिनाअखेर पैसे संपले की वडापाव आणि बिस्किटांवर दिवस काढावे लागतात, आणि पोट भरते पण पोषण होत नाही.

मंडळाच्या सभासदांनाही एक सुचवावेसे वाटते. नवीन विद्यार्थ्यांना निरोप देताना पुस्तके व वह्या आपण देतोच; त्यासोबत एक टेप, एक दोरी आणि पाण्याची बाटली द्यावी. खर्च थोडा आहे, उपयोग मोठा आहे. ज्यांच्या आजी-आजोबांना ताटात काय पडेल हे ठरवण्याचा अधिकारच नव्हता, त्यांच्या नातवंडांना आज तो थोडाफार मिळाला आहे. तो त्यांनी विचारपूर्वक वापरावा आणि पदवीसोबत निरोगी शरीरही मिळवावे, हीच सदिच्छा.