पट्टा मांडीला, ताण हृदयाला

कोल्हापुरात फिजिओथेरपी करायची म्हणजे फुटबॉल आणि कुस्तीचे गुडघे पदरी पडणारच. लिगामेंटचं ऑपरेशन झालेला पोरगा पहिल्यांदा येतो, तेव्हा मी दोन्ही मांड्यांना टेप लावते. ऑपरेशनच्या बाजूची मांडी उतरलेली असते, वाटीच्या वरचा स्नायू तर हाताला लागत नाही. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, वजन कधी मारायचं?" इथेच खरी अडचण असते. जड वजनाशिवाय स्नायू भरत नाही आणि ताजं ऑपरेशन झालेला गुडघा जड वजन सोसत नाही.

यावरचा एक उपाय जपानमधून आला. मांडीच्या किंवा दंडाच्या अगदी वरच्या टोकाला हवा भरता येणारा रुंद पट्टा बांधायचा. बाहेर येणाऱ्या शिरा दाबल्या जाव्यात, पण आत जाणारी धमनी थोडी वाहती राहावी, इतकाच दाब द्यायचा. मग एका वेळेला जास्तीत जास्त जेवढं वजन उचलता येईल, त्याच्या फक्त 20 ते 30 टक्के वजनावर व्यायाम करायचा. पहिला सेट 30 वेळा, पुढचे तीन 15-15 वेळा, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. स्नायूला ऑक्सिजन कमी पडतो, आम्ल साठतं, आणि तो हलक्या वजनालाही जड वजनासारखा दमतो. शरीर त्या दमण्याला प्रतिसाद म्हणून स्नायू वाढवतं.

योशिआकी सातो यांना ही कल्पना 1966 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी सुचली. बौद्ध धार्मिक विधीत गुडघे मुडपून बसल्यावर पोटऱ्या बधिर झाल्या आणि व्यायामानंतर येतो तसा ताठरपणा त्यांना जाणवला. पुढे त्यांनी वर्षानुवर्षं स्वतःवरच पट्टे बांधून पाहिले. 1973 मध्ये स्कीइंग करताना पाय मोडला, तेव्हा प्लास्टरमधल्या पायावरही त्यांनी हाच प्रयोग केला. त्यांच्या पद्धतीला 'काआत्सू' म्हणतात. पण सुरुवातीच्या प्रयोगांत पट्टा फार घट्ट बांधल्याने त्यांच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली होती. कौतुकाच्या व्हिडिओंमध्ये हा भाग सहसा येत नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

लोक विचारतात ते स्नायूबद्दल. माझं लक्ष असतं हृदयाकडे. शिरा दाबल्या की रक्त पायातच साचतं आणि हृदयाकडे परत येणारं रक्त घटतं. एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त कमी होतं, मग तूट भरून काढायला ठोके वाढतात. त्याच वेळी कोंडलेल्या स्नायूतल्या बारीक नसा मेंदूला कळवतात, की इथे रक्त पुरत नाही. मेंदू रक्तवाहिन्या आवळतो, बीपी चढतं. 1937 मध्ये आलम आणि स्मर्क या संशोधकांनी हे साध्या प्रयोगातून दाखवलं. व्यायाम थांबण्याआधी त्यांनी कफ फुगवून रक्त अडवलं. स्नायू शांत झाले, पण कफ सुटेपर्यंत बीपी चढलेलंच राहिलं. आमच्या व्यायामात दोन सेटच्या मध्ये पट्टा सहसा फुगलेलाच असतो. म्हणजे त्या अर्ध्या मिनिटात पाय विसावला, तरी हृदयाला पुरती विश्रांती मिळत नाही.

म्हणून हा प्रकार जड वजनापेक्षा घातक ठरतो का? नाही. कॅनडात 1985 मध्ये बॉडीबिल्डरांच्या धमनीत थेट नळी घालून बीपी मोजलं होतं. दोन्ही पायांनी जड लेग प्रेस करताना सरासरी 320/250 भरलं, एकाचं तर 480/350 च्या वर गेलं. पट्ट्याच्या व्यायामात बीपी सहसा तिथवर जात नाही. पण तेवढंच हलकं वजन पट्ट्याशिवाय उचललं, तर बीपी त्याहून कमी चढतं. निरोगी तरुणाला हा फरक पेलतो. बीपीच्या गोळ्या अर्धवट घेणाऱ्या साठीच्या माणसाला तो पेलेलच असं नाही.

गुडघेदुखीच्या एका काकूंना मी हा व्यायाम देते. आधी त्यांना झोपवून घोट्याच्या आतल्या बाजूला डॉप्लरची कांडी धरते. धमनीचा 'फस् फस्' आवाज येतो. पट्टा फुगवत जाते, आवाज विरत विरत बंद होतो. तो आकडा म्हणजे त्यांच्या पायाचा पूर्ण दाब. व्यायामाला त्याच्या 40 ते 80 टक्के पुरतो. मी काकूंना कमीवर ठेवते. जाड मांडीला जास्त दाब लागतो, रुंद पट्ट्याला कमी, म्हणून एकाचा आकडा दुसऱ्याला चालत नाही. श्वास रोखायचा नाही हे प्रत्येक सेटला सांगावं लागतं. सगळ्यात सावध मी असते पट्टा सोडताना. आवळलेल्या पायात रक्त धावतं, बीपी झर्रकन उतरतं आणि घाईने उठणाऱ्याला भोवळ येते. "काकू, अजून उठू नका, पाणी प्या," म्हणत मी बीपी पुन्हा मोजते.

जिममध्ये हल्ली पोरं इलॅस्टिकच्या पट्ट्या गच्च आवळतात. त्या दाबाला मापच नसतं. पट्टी जितकी अरुंद, तितकी ती एका जागी रुतते. हात-पाय बधिर किंवा निळे पडले, की "काम करतंय" म्हणतात. ते चुकीचं आहे. मुंग्या येऊन बधिरपणा आला, तर पट्टी लगेच सोडायलाच हवी. जपानमधल्या 2006 च्या पाहणीत साडेबारा हजारांहून जास्त जणांची नोंद होती. कातडीखाली रक्त साकळण्याच्या तक्रारी शेकडा 13 होत्या, शिरेत गुठळी होण्याचं प्रमाण 0.055 टक्के. हे प्रमाण कमी आहे, पण तिथे हा व्यायाम प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली होत होता.

ज्यांना पूर्वी पायात गुठळी झाली आहे, बीपी आटोक्यात नाही, पायाच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत, सिकलसेल आहे किंवा दिवस गेले आहेत, त्यांनी पट्टा बांधूच नये. बाकीच्यांनी आधी बीपी तपासून घ्यावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने उच्च रक्तदाब असलेल्या प्रौढांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांना तो असल्याचंच ठाऊक नसतं. तुमच्या जिममध्ये पट्ट्या असतील आणि बीपीचं मशीन नसेल, तर ते आणल्याशिवाय पट्टी बांधू देऊ नका.