कुंडल रोडचं स्टेशन आणि लोखंडाचं ओझं

किर्लोस्करवाडीची गोष्ट आपण एका जिद्दी माणसाची म्हणून सांगतो. ती तशी आहेच. पण तिच्यात एका रेल्वे स्टेशनाचाही वाटा आहे, आणि तो मोठा आहे.

बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागल्यावर 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचं निवडुंगानं भरलेलं माळरान दिलं. औंधचा मुलूख तुकड्यातुकड्यांत विखुरलेला. त्यातला हा तुकडा पुणे-मिरज लोहमार्गालगत होता. जवळचं स्टेशन कुंडल रोड, म्हणजे आजचं किर्लोस्करवाडी. लक्ष्मणरावांच्या लोखंडी नांगराच्या ओतकामाला लागणारं कच्चं लोखंड आणि कोक, दोन्ही बाहेरून आणायचं. एवढं वजन बैलगाडीनं दूरवर ओढत न्यायचं म्हटलं, तर शेतकऱ्याला परवडेल असा नांगर घडलाच नसता.

ही लाइन तेव्हा मीटर गेजची होती. मुंबईकडून आलेला माल पुण्यात एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. दक्षिणेला मात्र लोंढा, कॅसलरॉकवरून थेट मुरगाव बंदरापर्यंत रूळ तेवढ्याच रुंदीचे होते. कृष्णा नदी जवळ असली तरी ती अवजड माल वाहणारी नदी नव्हे. पहिल्या महायुद्धात जहाजवाहतूक विस्कटली, समुद्रमार्गे येणारं लोखंड मिळेनासं झालं. तेव्हा कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. समुद्रातली अडचण माळावरच्या भट्टीपर्यंत पोचते ती अशी.

हाच हिशेब पोलादाच्या मोठ्या कारखान्यात अवाढव्य होतो. भट्टीतून एक टन पोलाद काढायला साधारण दीड टनाहून जास्त खनिज आणि पाऊण टनाच्या आसपास कोळसा लागतो. रायगड जिल्ह्यातल्या डोलवीच्या पोलाद कारखान्याजवळ ना लोहखनिजाची खाण, ना कोळशाची. तिथे अंबा नदीची खाडी आहे. मोठी जहाजं खोल पाण्यात थांबतात, त्यांचा माल बार्जमधून धरमतरच्या धक्क्यावर येतो. जयगड बंदरातूनही लहान जहाजं तिकडे जातात. एका मालगाडीत जेमतेम चार हजार टन मावतं, म्हणून ही जलवाट कारखान्याचा प्राण आहे.

कुंडलच्या परिसराला जयगड नकाशावर फार लांब नाही. पण मध्ये सह्याद्री आहे आणि कऱ्हाड-चिपळूण रेल्वे वर्षानुवर्षं कागदावरच आहे. ती झाली तर पुणे-मिरज लाइन कोकण रेल्वेला थेट जोडली जाईल. तोवर कऱ्हाडहून चिपळूणकडे जाणारा माल ट्रकमध्ये भरून कुंभार्ली घाटानंच उतरवावा लागतो, आणि त्याचं जादा भाडं या पट्ट्यातल्या ओतशाळावाल्यांच्या खिशातून जातं.